पुढं काय झालं त्याचं?

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.)

"ताई, नमस्कार. माझं वय ४१, कराडला असते, आमची पिठाची गिरणी आहे. माझा थोरला भाऊ, दादा, वय ४८, कारखान्यात फिटर होता. पिण्यापायी नोकरी गेली, वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेली त्याला सहा वर्षं झाली. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, आता पाच महिने आमच्याकडेच आहे, गिरणीवर बसतो. एक थेंब घेतलेला नाही, म्हणजे मला तरी दिसलेला नाही. पण बोलतच नाही हो. सॉरी नाही, रडणं नाही, काही नाही. मी रोज त्याचे खिसे बघते, मला आवडत नाही पण बघते. शेजारच्या काकू म्हणतात एक पावडर मिळते, चहातून द्यायची, परत कधी पीत नाही माणूस. माझी भाची १९ वर्षांची, पुण्यात शिकते, बापाचा फोन घेत नाही, माझा घेते. दिवाळीला तिला न सांगता इथे आणून दोघांना समोरासमोर करावं असं मनात आहे. माझ्या मुलाने एक जुना इंग्रजी पिक्चर शोधला, 'टेंडर मर्सीज', त्यात दारुडा गायक सुधारतो म्हणून, म्हटलं दादाला हुरूप येईल. मुलगा मधे मधे मराठीत सांगत होता. दादाने सगळं नीट बघितलं, आणि त्या गायकाची मुलगी ॲक्सिडेंटमध्ये जाते तिथे उठला आणि गच्चीवर गेला. रात्री जेवला नाही. चार दिवसांनी गिरणीत दळण ओतता ओतता एकदम म्हणाला, पुढं काय झालं त्याचं? मी म्हटलं, काही नाही रे, सोड. असला पिक्चर दाखवायला नको होता ना? मोठी चूक केली का मी?"

अगं, चूक केलीस, पण तू म्हणतेस ती नाही. पिक्चर दाखवलास ते ठीकच झालं. "काही नाही रे, सोड" ही चूक. त्याच्यावर शेवटी येते, आधी बाकीचं बोलू. आणि मी तुझ्यापेक्षा चांगली पंधरा वर्षांनी मोठी आहे म्हणून सरळ अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. १९८३ चा आहे. रॉबर्ट ड्युव्हल, म्हणजे गॉडफादरमधला तो शांत डोक्याचा वकील, तो यात मॅक स्लेज नावाचा एकेकाळी गाजलेला कंट्री गायक झालाय. टेक्सासमधल्या सपाट माळरानावर हायवेच्या कडेला एक छोटं मोटेल आणि पेट्रोल पंप, तिथल्या खोलीत हा दारू पिऊन पडलेला, सोबतचा माणूस सोडून गेलाय, खिशात दमडी नाही. मोटेल चालवणारी रोझा ली तरुण विधवा, नवरा व्हिएतनामच्या युद्धात गेला, लहान मुलगा आहे सनी नावाचा. मॅक म्हणतो पैसे नाहीत, काम करून फेडतो. ती म्हणते कर, पण काम करतोस तोवर प्यायचं नाही. बस, एवढंच. तो राहतो, पुढे लग्न करतात, आणि मग जुनं आयुष्य एकेक करून दारात येतं, घटस्फोट झालेली गायिका बायको, तिच्याकडे वाढलेली मुलगी. लिहिलाय हॉर्टन फूटने, तो स्वतः टेक्सासचा, आणि डायरेक्टर ब्रूस बेरेसफर्ड ऑस्ट्रेलियाचा, अमेरिकेतला त्याचा हा पहिलाच पिक्चर. ड्युव्हलला ॲक्टिंगचं ऑस्कर मिळालं, फूटला स्क्रिप्टचं. गाणी ड्युव्हल स्वतः गायलाय. हे सगळं सोड, तुझ्या कामाचं वेगळंच आहे.

तुझ्या कामाचं हे, की त्या पिक्चरमध्ये तो दारू सोडतो तो सीनच नाहीये. तू परत आठवून बघ. थरथरणारे हात नाहीत, बाटली फोडणं नाही, कुणाच्या पायावर डोकं ठेवून रडणं नाही. लग्न ठरतं ते भाजीच्या वाफ्यात, दोघं काम करता करता तो अगदी साध्या आवाजात विचारतो आणि ती विचार करीन म्हणते, आणि लग्नाचा सीनसुद्धा नाही, डायरेक्ट पुढे संसार चालू. आपल्याकडे हाच पिक्चर कुणी काढला असता ना, तर मध्यंतराच्या आधी देवळाच्या पायरीवर पाऊस पडला असता, हिरो ओला झाला असता आणि बहिणीने राखी दाखवली असती. मी हे चेष्टेने म्हणतेय पण तू तेच मागतेयस गं दादाकडून. सॉरी नाही, रडणं नाही, काही नाही, असं तूच लिहिलंयस. तुला तो सीन पाहिजे. मला कळतं का पाहिजे, इतकी वर्षं तू काढलीस, रात्री अपरात्री रिक्षावाल्याला पैसे देऊन त्याला आत घेतलं असशील, वहिनीच्या माहेरच्यांचं ऐकलं असशील, त्याची पावती नको का? पाहिजे. पण पाच महिन्यात नाही मिळत ती. काही जणांना पाच वर्षांनी पण तोंडाने देता येत नाही. तो सकाळी उठून, आंघोळ करून गिरणीत येतो आणि लोकांची दळणं जाळत नाही, सध्या तेवढंच त्याला बोलता येतंय असं समज.

तू लिहिलंयस की त्याने आल्या आल्या दगडांना टाकी लावून दिली आणि पीठ पूर्वीपेक्षा बारीक यायला लागलं, बायका लांबून भाजणी घेऊन यायला लागल्या. हे तू पत्रात कुठे लिहिलंस माहितीय? अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून! अगं तेच पहिल्यांदा लिहायचं होतं.

आता खिसे. इथे मी स्वतःचं सांगते. माझे वडील प्यायचे. सोडली त्यांनी, माझं लग्न व्हायच्या आधी दोनेक वर्षं. आई शेवटपर्यंत त्यांचे कपडे धुवायला टाकायच्या आधी हुंगायची. शर्ट, टॉवेल, उशीचा अभ्रा सुद्धा. एकेकाळी फ्लशच्या टाकीत क्वार्टर सापडली होती म्हणून रोज स्टूल घेऊन टाकीत हात घालायची, आणि आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पाहुणे आले आणि आई स्टूलवर चढलेली दिसली तर आम्ही म्हणायचो पाणी येत नाहीये. वडिलांनी सोडल्यावर आठेक महिन्यांनी एकदा ते बाथरूममधून बाहेर आले आणि आई त्यांचा टॉवेल नाकाला लावून उभी. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले, दोरीवर पण वेगळे, एका टोकाला वाळत घालायचे. मरेपर्यंत. मला अजून ते दोरीचं टोक दिसतं.

म्हणजे आई चुकली का? नाही म्हणवत मला. ज्याने पंचवीस वर्षं फसवलंय त्याच्यावर एका सकाळी विश्वास ठेवा हे बाहेरच्याने सांगणं फार सोपं आहे. पण उपयोग काय झाला त्याचा? टाकीत परत कधीच काही सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी पुढे काय करणार होती, घरात अजून एक भांडण. खिसे बघून दारू थांबत नाही, फक्त आपल्याला एक दिवस आधी कळतं. आणि त्या एका दिवसासाठी तू रोज त्याला सांगतेयस की तू चोर आहेस. त्याला माहीत नसेल असं समजू नकोस, पिणाऱ्या माणसाला लपवायचं सगळं शास्त्र येत असतं, तुझी शोधाशोध त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखली असणार.

पिक्चरमध्ये एक रात्र आहे बघ. मॅकला त्याच्या जुन्या मॅनेजरने सांगितलेलं असतं की गाणं काही खास नाही, पहिल्या बायकोने मुलीला भेटू नको म्हणून झिडकारलेलं असतं, तो पिकअप घेऊन सुसाट निघून जातो आणि बाटली विकत घेतो. रोझा ली घरी अंथरुणावर जागी, तोंडाने प्रार्थना पुटपुटत पडलीय. तो येतो आणि स्वतःहून सांगतो की बाटली घेतली होती, ओतून दिली, प्यायलो नाही. ती त्याचं तोंड हुंगत नाही. उलटतपासणी पण नाही. मला ती फार थोर वगैरे वाटते असं नाही, तिची पण फाटलेलीच असते, चेहऱ्यावर दिसतं. पण ती भीती ती स्वतःजवळ ठेवते, त्याच्या खिशात हात घालून शोधत नाही. मात्र एक लक्षात घे, हिने पहिल्याच दिवशी अट सांगितलेली होती. स्पष्ट, एका वाक्यात, कामाच्या आधी. तू सांगितलीयस का कधी? पत्रात कुठे दिसलं नाही. तुमच्याकडे सगळं न बोलता चाललंय, तो न बोलता राहतो, तू न बोलता खिसे बघतेस, भावजी न बोलता कपाटाला कुलूप लावतात. त्यापेक्षा एकदा बस आणि सांग, दादा, या घरात दारू येणार नाही, पिऊन आलास तर त्या रात्री आत घेणार नाही, केंद्रात फोन करणार. आणि आजपासून तुझे खिसे मी बघत होते ते बंद. दोन्ही एकाच दमात सांग, पहिलंच सांगितलंस तर धमकी होईल, दुसरंच सांगितलंस तर तुझी झोप उडेल.

आणि पगार दे गं त्याला! हे वाचून मला जरा रागच आला, "लागेल तसे पन्नास शंभर हे देतात." ४८ वर्षांचा माणूस, फिटरकी केलेला, आणि दाढीच्या ब्लेडसाठी मेव्हण्यापुढे हात. रोझा लीने सुद्धा तासाचे दोन डॉलर आणि राहणं खाणं असं ठरवून ठेवलं होतं. मला कळतं की हातात पैसे आले की पाय वळतील ही भीती आहे, आणि ती खोटी नाही, पगाराचा दिवस हा अवघडच असतो. मग महिन्याचे एकदम देऊ नका, आठवड्याचे द्या, किंवा त्यालाच विचार की कसे देऊ, थोडे बँकेत टाकू का. त्यालाच विचार. हे त्याच्या केंद्रातल्या समुपदेशकाशी बोलून ठरवलंत तर अजून बरं, फॉलोअपला जातो ना तो? नसेल जात तर ते खिशांपेक्षा जास्त काळजीचं आहे.

पावडरचं मात्र एका शब्दात, नाही. अजिबात नाही. काकूंना चहा पाजून परत पाठव. बिन नावाच्या पावडरीत काय असतं ते विकणाऱ्याला तरी माहीत असतं की नाही देव जाणे, पण बऱ्याचदा लोक चोरून देतात ती डायसल्फिराम नावाची गोळी असते. ती खरी गोळी आहे, डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, आधी तपासण्या करून. तिचं काम असं की ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली जातं, आणि हे प्रकरण जिवावर पण बेतू शकतं. ज्याला माहीतच नाही की आपल्याला गोळी दिलीय तो माणूस एक पेग घेईल आणि तुमच्या गिरणीच्या दारात कोसळेल. शिवाय दादा पाच महिने पीत नाहीये, मग कशावर उपाय करतेयस तू? तुझ्या भीतीवर. आणि कळलं त्याला कधी, की बहिणीच्या हातच्या चहात काहीतरी होतं, तर पुढचा चहा तो पिणार आहे का तुझ्याकडचा?

औषधाचा विषय निघालाच आहे तर एक अजून, कारण पिक्चरमध्ये हे मुळीच नाही आणि तिथे मला तो पिक्चर थोडा लबाड वाटतो. मॅक मोटेलमध्ये राहतो आणि सुटते त्याची. खऱ्या आयुष्यात वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर दोन तीन दिवसात हातपाय कापणं, घाम, फिट येणं, नसलेली माणसं दिसणं, असं होऊ शकतं आणि त्यात माणसं दगावतात. दादाचं हे केंद्रात डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पडलं, चांगलं झालं. पण देव न करो आणि परत घसरला, आठ पंधरा दिवस सलग प्यायला, तर "आता घरात कोंडून ठेवू, उतरेल आपोआप" असं करू नका, सरळ दवाखाना. आणि एखाद दिवस घसरला तर पाच महिने पाण्यात गेले असं समजू नकोस, त्यालाही समजू देऊ नकोस, दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे, नंबर गिरणीच्या भिंतीवर लिहून ठेव, दुसऱ्या कुणाच्या घरी पण उपयोगी पडेल. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं तेव्हा लोकांना व्यसन हा आजार आहे हेच पटत नव्हतं, आता निदान नंबर फिरवता येतो. आणि तू स्वतः पण कुठेतरी जा. ए. ए. च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा पिणाऱ्यांच्या असतात, तशा घरच्यांच्या अल-ॲनॉनच्या असतात, १९५१ साली अमेरिकेत सुरू झाल्या, आता जगभर चालू आहेत. मला विचारशील तर दादापेक्षा तुला आत्ता त्याची जास्त गरज आहे, दादा निदान झोपतो तरी.

भाची. इथे जरा दम खा. पिक्चरमधली मुलगी बापाकडे येते ती तिच्या पायाने येते. कुणी आणत नाही. आठवतंय ना, आई नाही म्हणतेय, तरी ती गाडी घेऊन मोटेलवर येते, दोघं अवघडून बोलतात, ती विचारते की लहानपणी तुम्ही कबुतराच्या पंखांचं एक गाणं म्हणायचात ना, आणि हा म्हणतो मला आठवत नाही. ती निघून जाते. मग हा खिडकीशी पाठमोरा उभा राहून तेच गाणं पूर्ण म्हणतो. मी हा सीन कितीतरी वेळा बघितलाय आणि दर वेळी त्याच्यावर चिडते की अरे म्हण ना तिच्यासमोर! पण नाही म्हणवत त्याच्याने. आठवतं असं कबूल केलं की त्याच्या मागोमाग सगळंच आठवलं पाहिजे ना, पिऊन तिच्या आईवर हात उचलला ते पण.

तर दादाची मुलगी. ती तेरा वर्षांची असताना घर सुटलं. तिला काय काय आठवत असेल ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. तिला न सांगता दिवाळीला आणून एकदम बापासमोर उभी केलीस तर ती तुझा पण फोन घ्यायची बंद होईल, आणि मग त्या दोघांमधली एकमेव उघडी खिडकी तू आहेस ती पण गेली. न सांगता काही करायचं नाही. सांगून कर. फोनवर नेहमीच्या गप्पा झाल्या की एकदा एवढंच म्हण, बाबा आमच्याकडे आहेत, पाच महिने झाले, पीत नाहीत, गिरणीवर बसतात, तुला वाटलं कधी तर ये, नाही वाटलं तरी तू माझी भाची आहेसच. आणि विषय बदल. ती गप्प झाली तर होऊ दे. माफ करायचं की नाही हे तिचं आहे, त्यात आत्याचं प्रेशर नको. दादाला पत्र लिहायचं असेल तर लिहू दे, पाठवायचं की नाही ते मग बघू.

आता गच्ची. तू म्हणतेस, मुलगी मेली तिथे तो उठला, मी त्याला दुखावलं. अगं ज्याची १९ वर्षांची मुलगी फोन घेत नाही त्याने त्या सीनला बसून राहायला दगड पाहिजे. तो उठला हे चांगलंच आहे की. कुठे गेला? गच्चीवर. गुत्त्यावर नाही, गच्चीवर. एक रात्र उपाशी राहिला आणि सकाळी गिरणी उघडली त्याने वेळेवर, हे तूच लिहिलंयस.

आणि चार दिवस ते डोक्यात घोळवून त्याने तुला विचारलं. पुढं काय झालं त्याचं. पाच महिने तू ज्याची वाट बघत होतीस ते हेच होतं की गं, फक्त ते सॉरी म्हणून आलं नाही, पिक्चरची चौकशी म्हणून आलं, म्हणून तुला ओळखू आलं नाही. घाबरलीस आणि म्हणालीस सोड. होतं असं, मी पण केलंय.

परत विचारेल म्हणून थांबू नकोस, तूच सांग. पिक्चर लावून बसवू नकोस. तोंडी सांग. सांग की दादा, त्या दिवशी तू विचारलंस ना, तर मुलीच्या अंत्यविधीवरून तो घरी परत येतो. पीत नाही. वाफ्यात कुदळ मारत बसतो आणि बायकोला म्हणतो, मी एकदा पिऊन गाडी ठोकली होती, मरायचा तो मी, वाचलो, आणि ती गेली, असं का, आणि तू मला त्या दिवशी ठेवून घेतलंस ते तरी का. बायकोकडे उत्तर नसतं. ती ऐकून घेते. मग त्या छोट्या पोरासाठी त्याने फुटबॉल आणलेला असतो, त्यांचा तो लांबट असतो तसला, आणि दोघं हायवेच्या पलीकडे रानात एकमेकांकडे फेकत बसतात आणि ती जाळीच्या दारातून बघत असते. संपला पिक्चर. दादा म्हणेल, एवढंच? तर म्हण, हो, एवढंच.

हे त्याला समोर बसवून नको सांगू. दळण ओतत असेल तेव्हा सांग, पट्टा चालू असताना, हातात डबा असताना. मोठ्याने बोलावं लागेल, चालेल.